यकृतकृमीच्या डिंभांची शिदोरी

भाताच्या मुलखात दिवाळीनंतर काही गुरे हळूहळू खंगू लागतात, हा अनुभव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या जिल्ह्यांतील आणि कोकणातील अनेक शेतकऱ्यांना आहे. गोठ्यात तणसाचा ढीग असतो, बांधावर हिरवे गवत असते, तरी जनावर भरत नाही. अंगावरील केस राठ होतात, डोळ्यांच्या पापण्यांचा आतला भाग पांढुरका पडतो, म्हैस दुधाला आटते, बैल औताला लवकर थकतो. काही जनावरांच्या खालच्या जबड्याखाली पाण्याने भरलेली मऊ सूज येते. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर ती संध्याकाळी अधिक ठळक दिसते. धन्याला वाटते की खुराक कमी पडला. तो ढेप वाढवितो आणि ती बहुतांशी वाया जाते.

पुढे जे घडते ते ग्रामसेवकाला व कृषि सहायकाला अधिक बुचकळ्यात टाकणारे असते. शेणाचा नमुना तपासणीस पाठविला जातो आणि ‘अंडी आढळली नाहीत’ असे उत्तर येते. मग रोग दुसराच असावा असे मानून प्रकरण तेथेच राहते. फाल्गुनात पुन्हा नमुना पाठविला तर त्याच जनावराच्या शेणात सोनेरी पिवळ्या रंगाची अंडी दिसतात. मधल्या काळात जनावराच्या यकृताची, म्हणजे काळजाची, व्हायची ती हानी होऊन गेलेली असते. पहिली तपासणी चुकीची नव्हती. ती लवकर झाली होती, एवढेच. असे का होते हे समजण्यासाठी या कृमीचे बालपण कसे जाते, तो कोठे जेवतो आणि कोठे उपाशी प्रवास करतो, याची माहिती करून घेतली पाहिजे.

यकृतकृमी हा पानाच्या आकाराचा चपटा कृमी आहे, म्हणून त्यास पर्णकृमी असेही म्हणतात. आपल्याकडील गाई-म्हशींत आढळणारी प्रमुख जात ‘फॅसिओला जायगँटिका’ ही होय. ती अडीच ते साडेसात सेंटिमीटर लांब असते. कॉबोल्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५५ साली तिचे वर्णन प्रथम केले, ते एका जिराफाच्या यकृतातून मिळालेल्या कृमींवरून! थंड हवेच्या देशांत ‘फॅसिओला हेपॅटिका’ ही तिची बहीण अधिक प्रमाणात आढळते. इंग्लंडात १८७९-८० च्या ओल्या हंगामात या दुसऱ्या जातीमुळे सुमारे ३० लाख मेंढ्या दगावल्या असे सांगितले जाते. त्या आपत्तीनंतर ऑक्सफर्डचे थॉमस व लायप्झिगचे लॉइकार्ट या दोघांनी स्वतंत्रपणे काम करून १८८१ ते १८८३ या काळात कृमीचे संपूर्ण जीवनचक्र उलगडले. गोगलगाय मध्ये आल्याशिवाय हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही, हे तेव्हा सिद्ध झाले. भारतातील जातीचे जीवनचक्र लखनौ येथील थापर व टंडन यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले.

चक्राचे टप्पे असे. पित्तनलिकेत राहणारा प्रौढ कृमी रोज हजारो अंडी घालतो. ती पित्ताबरोबर आतड्यात व शेणाबरोबर बाहेर येतात. शेणाच्या पोटात असेपर्यंत अंड्याची वाढ होत नाही. पाण्याने ते शेणापासून मोकळे झाले, हवा मिळाली व पुरेशी ऊब असली म्हणजे दोन ते तीन आठवड्यांत आत डिंभ तयार होतो. दहा अंश सेल्सिअसखाली ही वाढ थांबते, पण आपल्याकडील पावसाळ्यात तशी थंडी नसते. अंड्यावर उजेड पडला की झाकण उघडते आणि केसाळ अंगाचा डिंभ बाहेर पडतो. यास मिरॅसिडियम म्हणतात. तो गोगलगाईच्या अंगात शिरतो व तेथे पिशवीसारखा होतो, हा स्पोरोसिस्ट. त्याच्या पोटी रेडिया नावाचे डिंभ निपजतात. रेडियांच्या पोटी आणखी रेडिया किंवा शेपटीवाले सर्केरिया होतात. सर्केरिया गोगलगाईतून पाण्यात येतात, गवताच्या किंवा भाताच्या काडीला चिकटतात, शेपूट टाकतात आणि स्वतःभोवती कवच करून घेतात. हे कवचधारी रूप म्हणजे मेटासर्केरिया. जनावर काडीबरोबर ते गिळते आणि चक्र पुरे होते. गोगलगाईत शिरलेल्या एका मिरॅसिडियमपासून सहाशेहून अधिक मेटासर्केरिया निर्माण होऊ शकतात, असे हेपॅटिका जातीत दिसून आले आहे.

न खाणारे प्रवासी

या टप्प्यांकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. मिरॅसिडियम, सर्केरिया व मेटासर्केरिया हे तिन्ही पोटाला काही न घेता दिवस काढतात. पहिले दोन पाण्यात पोहतात, तिसरा काडीला चिकटून वाट पाहतो. पण त्यांपैकी कोणीही बाहेरून अन्न घेत नाही. घरून निघताना आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर वाटसरूने मजल मारावी तसा हा प्रकार आहे. शिदोरी संपण्यापूर्वी मुक्काम गाठला तर ठीक, नाहीतर डिंभ मरतो.

मिरॅसिडियमची शिदोरी सर्वांत लहान. मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही लहान असलेला हा जीव सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर वेगाने पोहतो आणि साधारणतः चोवीस तासांत गोगलगाय न सापडल्यास मरून जातो. हिशेब केल्यास दिसेल की तो नाकासमोर पोहत राहिला तरी जन्मभरात नव्वद मीटरच्या पलीकडे स्वबळावर जाणार नाही. प्रत्यक्षात तो वळणे घेत फिरतो, म्हणून त्याची खरी मजल याहून पुष्कळच कमी असते. वाहत्या पाटात किंवा पुराच्या पाण्यात तो लांब वाहून जाईल हे खरे, परंतु अशा पाण्यात गोगलगाय गाठणेही त्यास कठीण जाते. संथ, उथळ, शेवाळलेले पाणी, जवळच गोगलगाई आणि काठावर शेण, असे त्याच्या सोयीचे ठिकाण बहुतेक गावांत एकच असते, आणि ते म्हणजे गुरांचा पाणवठा.

आता शिदोरीत काय असते ते पाहू. एवढ्या लहान जिवाच्या अंगातील अन्नसाठा कसा ओळखावयाचा, असा प्रश्न पडेल. शास्त्रज्ञ त्यासाठी रंग वापरतात. सुदान ब्लॅक व ऑईल रेड-ओ हे रंग मेदात, म्हणजे चरबीत, मुरतात; त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली चरबीचे थेंब काळे किंवा तांबडे दिसतात. ग्लायकोजेनसाठी वेगळे रंग आहेत. ग्लायकोजेन म्हणजे प्राण्यांच्या शरीरातील पिठूळ साखर. धान्यात जसे स्टार्च तसे प्राण्यात ग्लायकोजेन. नेमके प्रमाण काढावयाचे असेल तर हजारो डिंभ गोळा करून क्लोरोफॉर्म व मेथॅनॉल यांच्या मिश्रणात त्यांतील मेद उतरवून घेतात आणि सिलिका जेलचा पातळ थर दिलेल्या काचेवर त्याचे घटक वेगळे करतात. अमेरिकेतील बर्नार्ड फ्राईड यांनी एकायनोस्टोम या पर्णकृमींच्या गटावर व त्यांच्या गोगलगाईंवर या रीतीने दीर्घकाळ काम केले. अशा अभ्यासांतून या डिंभांत ट्रायग्लिसराईड म्हणजे नेहमीची साठवणीची चरबी, कोलेस्टेरॉल व फॉस्फोलिपिड असे मेदाचे निरनिराळे प्रकार आढळले आहेत.

चरबी दिसली म्हणजे ती जाळून डिंभ जगत असेल, असे कोणासही वाटेल. उंट, अस्वल, रेशमाचा कोष, उगवणारे भुईमुगाचे बी, हे सर्व चरबीवर दिवस काढतात. चरबीत वजनाच्या मानाने साखरेच्या दुपटीहून अधिक शक्ती असते, तेव्हा प्रवासाला निघताना तीच घेणे शहाणपणाचे. पण पर्णकृमींचा व्यवहार निराळा आहे. पाण्यात पोहणारे मिरॅसिडियम व सर्केरिया भरपूर प्राणवायू मिळत असतानाही मुख्यतः ग्लायकोजेन जाळतात. अंगात चरबी असून ती चुलीत घालण्याची कला या कुळाला नीटशी साधलेली नाही, असेच म्हणावे लागते. प्रौढ यकृतकृमी पित्तनलिकेत राहतो. तेथे प्राणवायू दुर्मिळ असल्यामुळे चरबी जाळणे तसेही शक्य नसते. तो जनावराच्या रक्तातील साखर वापरतो आणि अॅसिटिक व प्रोपिऑनिक आम्ले बाहेर टाकतो. यकृतकृमीच्या वाढीबरोबर प्राणवायूवर चालणारी चूल मंदावत जाऊन ही दुसरी रीत कशी रूढ होते, हे हॉलंडमधील टीलेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले.

मग ही चरबी कशासाठी? याचे उत्तर दुहेरी आहे. पहिले असे की मेद हा बांधकामाचा माल आहे. प्रत्येक पेशीचे आवरण मेदाचे असते, आणि ज्या जीवाला एका डिंभापासून शेकडो डिंभ घडवावयाचे आहेत त्याला हा माल अफाट लागतो. दुसरे असे की यांतील काही मेद निव्वळ टाकाऊ असतो. पर्णकृमींच्या उत्सर्जन नलिकांत चरबीचे थेंब दिसतात व ते शरीराबाहेर टाकले जातात. कोठीत ठेवलेली रास आणि उकिरड्यावर टाकलेली रास दोन्ही रंग दिल्यावर सारख्याच दिसतात, त्यामुळे ‘डिंभात चरबी पुष्कळ आहे’ एवढ्यावरून तो सुस्थितीत आहे असे ठरविता येत नाही.

यापेक्षाही महत्त्वाची बाब अशी की हा माल पर्णकृमी स्वतः तयार करू शकत नाहीत. रक्तात राहणारा शिस्टोसोमा हा पर्णकृमी मेदाम्ले व कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ मुळापासून बनवू शकत नाही, हे १९७० मध्ये अमेरिकेत मायर, मायर व ब्यूडिंग यांनी सिद्ध केले. इतर परजीवी चपट्या कृमींचीही गत तीच दिसून येते. यजमानाकडून आयता मेद घ्यावयाचा आणि त्यात थोडीफार फेरजुळणी करावयाची, एवढेच त्यांच्या हाती असते. म्हणजे डिंभाच्या अंगातील चरबी ही खरे पाहता गोगलगाईची चरबी आहे आणि प्रौढाच्या अंगातील चरबी म्हशीची.

गोगलगाईचे कोठार

शिदोरी भरली जाते ती गोगलगाईत. स्पोरोसिस्टला तोंड नसते. तो अंगाच्या कातडीवाटे अन्न शोषतो. रेडियाला मात्र तोंड, घसा व आतडे असते, आणि तो गोगलगाईच्या पाचकग्रंथीत, म्हणजे तिच्या काळजातच, शिरून ती कुरतडून खातो. या ग्रंथीत गोगलगाईचा ग्लायकोजेन व मेद यांचा साठा असतो. रेडियाच्या अंगात चरबीचे थेंब साठलेले दिसतात ते येथूनच आलेले. जनावराच्या यकृतावर जगणाऱ्या कृमीचे बाळ गोगलगाईच्या यकृतावर पोसले जावे, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

यातून निघणारा निष्कर्ष शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचा आहे. गोगलगाय उपाशी ठेवली तर तिच्यातून निघणाऱ्या सर्केरियांची संख्या घटते, हे प्रयोगांत दिसले आहे. खाऊन-पिऊन माजलेली गोगलगाय मोठी होते, अंडी अधिक घालते व डिंभही अधिक प्रसवते. आपल्याकडे यकृतकृमीचा प्रमुख वाहक ‘लिम्निया ऑरिक्युलेरिया’ ही पातळ कवचाची, मोठ्या कानासारख्या तोंडाची गोगलगाय आहे. शेवाळ व कुजणारा पाला हे तिचे अन्न. डबक्यात शेण-मूत्र पडले की पाण्यात खत मिसळते, शेवाळ वाढते व गोगलगाई पोसल्या जातात. ज्या शेणातून अंडी येतात तेच शेण अशा रीतीने त्या अंड्यांतील डिंभांसाठी कोठारही भरून ठेवते. पाणवठ्यात गुरे तासन् तास डुंबत ठेवण्याची चाल म्हशींना कितीही सुखाची असली तरी या दृष्टीने घातक आहे. पाणी पाजून गुरे बाहेर काढावी. शक्य तेथे काठापासून दूर सिमेंटचा हौद बांधून त्यात पाणी पाजावे. डुंबण्यासाठी वेगळे डबके असल्यास त्याच्या काठचे गवत कापून गुरांना घालू नये.

ही गोगलगाय खऱ्या अर्थाने पाण्यातील आहे. पाणी आटून चिखल कडक झाला की ती फार काळ तग धरीत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी पडणारी बोडी तुलनेने कमी धोक्याची, आणि बारमाही पाझरणारा पाट, कालव्याच्या कडेचे पाणथळ व तलावाच्या पाळीखालची ओल अधिक धोक्याची. पाटाची फुटलेली कड वेळीच बुजविणे हे पाण्याच्या बचतीचे काम आहेच. ते जनावरांच्या काळजाचेही काम आहे.

काडीवरची प्रतीक्षा

गोगलगाईत शिरल्यापासून सर्केरिया बाहेर पडेपर्यंत सुमारे सात ते दहा आठवडे लागतात, हवा थंड असल्यास अधिक. बाहेर आलेला सर्केरिया थोड्याच वेळात काडीला चिकटतो. त्याच्या अंगातील ग्रंथी कवचाचा माल पाझरतात आणि पोहण्याचे साधन असलेली शेपूट गळून पडते. आता खर्च अगदी कमी. मोहरीहून पुष्कळ लहान असा पांढुरका ठिपका होऊन तो पडून राहतो. ओलावा व सावली असेल तर कित्येक आठवडे, थंड दमट जागी काही महिनेसुद्धा तो जिवंत राहतो. उष्णता वाढली की आतील साठा भराभर जळतो, आणि ऊन लागून कवच सुकले तर साठा शिल्लक असतानाच डिंभ मरतो. उन्हात वाळविणे हा साधा, बिनखर्चाचा उपाय इतका गुणकारी का, याचे कारण हे आहे.

सर्केरिया पाण्याच्या पातळीच्या आसपास चिकटतात. म्हणून भाताच्या काडीचा बुडखा जितका धोक्याचा तितका शेंडा नसतो. इंडोनेशियात १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासावरून तेथील शेतकऱ्यांना असे सांगण्यात आले की ओल्या खाचरातून कापलेला ताजा पेंढा घालावयाचा झाल्यास वरचा दोनतृतीयांश भाग घालावा, किंवा सबंध पेंढा तीन दिवस कडक उन्हात वाळवून मग घालावा. आपल्याकडे कापणीनंतर भात बांधीत पसरून वाळवितात, मळणी होते, मग तणसाची गंजी लागते. गंजीतील जुने, खडखडीत तणस बहुधा निर्धोक असते. धोका आहे तो पाणी न हटलेल्या बांधीतून काढून त्याच दिवशी गोठ्यात टाकलेल्या ओल्या पेंढीचा. पेंढी बांधलेलीच ठेवून वरवर ऊन दाखविले तर गाभ्यात ओल राहते व तेथे डिंभही राहतो. पेंढी सोडून पसरावी आणि दुपारी एकदा परतावी. धानाची धसकटे उभी असलेल्या ओल्या बांधीत कापणीच्या दुसऱ्याच दिवशी गुरे सोडण्याची घाई करू नये. बांधावरून विळ्याने गवत कापताना पाण्यात बुडालेला भाग सोडून वरचाच घ्यावा. हे मजुराला सांगूनही बहुधा पाळले जात नाही, कारण बुडख्यासकट कापले की भारा लवकर भरतो. घरच्या माणसाने स्वतः लक्ष घातल्यासच हे होते.

सर्वच पर्णकृमी काडीवर वाट पाहत नाहीत. शिस्टोसोमाचे सर्केरिया पाण्यात उभ्या राहिलेल्या जनावराच्या किंवा माणसाच्या कातडीतून सरळ आत शिरतात. कवच नाही, म्हणून प्रतीक्षाही नाही. एक-दोन दिवसांत कातडी मिळालीच पाहिजे. कातडीवरील स्निग्ध थरातील मेदाम्लांचा स्पर्श झाला की हे डिंभ आत घुसण्यास उद्युक्त होतात. जो मेद त्यांना स्वतः बनविता येत नाही त्याचाच स्पर्श त्यांना दार दाखवितो! गुरांच्या नाकात गाठी करणारा व घोरणे उत्पन्न करणारा रोग याच कुळातील एका कृमीमुळे होतो. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी माणसांतील अशा कृमीरोगाचे ठाणे आढळल्याचे गाडगीळ व शाह यांनी १९५२ मध्ये जाहीर केले होते. तेव्हा पाणथळ जागेत शोधाशोध करणाऱ्या कार्यकर्त्याने अनवाणी पायांनी पाण्यात उतरू नये.

पंचांग आणि औषध

आता आरंभी सांगितलेले कोडे सोडविता येईल. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शेणातून अंडी पाण्यात गेली असे धरू. महिनाअखेरीपर्यंत मिरॅसिडियम निघून गोगलगाईत शिरतील. त्यापुढे सात ते दहा आठवड्यांनी, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत, सर्केरिया बाहेर पडू लागतील व पुढे पडतच राहतील. नेमके याच वेळी भात कापणीला येते, बांधावर कोवळे गवत माजलेले असते आणि गुरे तेथे चरू लागतात. गिळलेला डिंभ आतड्यात कवचाबाहेर येतो, आतड्याची भिंत भेदून यकृताकडे जातो आणि कित्येक आठवडे यकृत पोखरीत फिरतो. मग पित्तनलिकेत स्थिर होऊन अंडी घालू लागतो. गिळल्यापासून अंडी दिसेपर्यंत या जातीला तेरा ते सोळा आठवडे लागतात. ऑक्टोबरात गिळलेल्या डिंभाची अंडी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत शेणात दिसणार. नोव्हेंबरचा नमुना कोरा आला यात नवल नाही, कारण यकृत पोखरणारे कृमी तेव्हा अंडी घालण्याच्या वयाचेच नसतात.

औषधाच्या निवडीतही हाच फरक आड येतो. ऑक्सिक्लोझानाईड हे आपल्याकडे सर्रास मिळणारे औषध प्रौढ कृमीवर चांगले लागू पडते. पोखरणाऱ्या कोवळ्या कृमीवर त्याचा भरवसा धरता येत नाही. अल्बेंडाझोलचेही तसेच. ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या व प्रौढ दोन्ही अवस्थांवर काम करते. परंतु तेही बेसुमार वापरावे असे नाही. त्याला न जुमानणारे यकृतकृमी ऑस्ट्रेलियात मेंढ्यांमध्ये आढळल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर इतर देशांतूनही तसेच वृत्त आले. जनावराचे वजन अंदाजाने कमी धरून अपुरी मात्रा देणे हा कृमींना औषध पचविण्यास शिकविण्याचा राजमार्ग आहे. कोणते औषध, किती व कोणत्या महिन्यात द्यावे, आणि दुभत्या जनावराचे दूध किती दिवस वापरू नये, हे पशुवैद्यकीय दवाखान्यातच विचारून ठरवावे. वेळेबाबत साधारण धोरण असे की एक मात्रा पावसाळ्यापूर्वी द्यावी, म्हणजे पहिल्या पावसात अंडी पाण्यात जाणार नाहीत. आणि दुसरी कापणीनंतरच्या काळात, जनावरे लागण घेऊन बसली असताना. पावसाळ्यापूर्वीची मात्रा बहुतेक जण टाळतात, कारण तेव्हा जनावर वरकरणी आजारी दिसत नाही. पण गावाच्या दृष्टीने अधिक मोलाची मात्रा तीच होय, आणि एकट्याने ती देऊन भागत नाही, कारण पाणवठा सर्वांचा असतो.

शेणाचा उपाय औषधाहून स्वस्त आहे. शेण उघड्यावर पाण्याच्या वाटेत न टाकता खड्ड्यात रचून कुजवावे. ढिगाची ऊब ५० अंशांच्या वर गेली की अंडी जगत नाहीत. ढिगाच्या कडेचा थर थंड राहतो, म्हणून महिन्याभराने ढीग उलथून कडेचे शेण मध्ये घालावे. ताजे शेण थेट धानाच्या बांधीत नेऊन टाकणे म्हणजे अंडी व गोगलगाय यांची गाठ घालून देणे होय.

गोगलगाई मारण्यासाठी मोरचूद वापरावा असे पूर्वी सांगत. त्याने गोगलगाई मरतात हे खरे, पण मासेही मरतात. भंडारा-गोंदियातील तलावांवर ढीवर कुटुंबांची मासेमारी चालते. म्हशी वाचविण्यासाठी शेजाऱ्याचे ताट ओढून घ्यावे हे कोणासच मान्य होणार नाही. शिवाय एका हंगामात मारलेल्या गोगलगाई पुढल्या पावसात वाहत येणाऱ्या पाण्याबरोबर पुन्हा येतात. पाणवठ्याच्या काठचे शेवाळ व पाणवनस्पती हातांनी काढून उन्हात टाकणे हे कष्टाचे असले तरी निरुपद्रवी काम आहे, आणि त्याने गोगलगाईचे अन्न व अंडी दोन्ही एकदम जातात.

इंडोनेशियात करून पाहिलेला आणखी एक उपाय मनोरंजक आहे. बदकांच्या पोटात एकायनोस्टोम जातीचे पर्णकृमी असतात. गोठ्याशेजारी बदके ठेवून त्यांची विष्ठा गुरांच्या शेणात मिसळून भातशेतीत टाकली. दोन्ही कृमींचे डिंभ एकाच गोगलगाईत शिरले. एकायनोस्टोमचे रेडिया अधिक खादाड असल्यामुळे ते यकृतकृमीचे डिंभ खाऊन टाकतात, आणि त्या गोगलगाईतून गुरांना बाधणारे सर्केरिया फारसे निघत नाहीत. बदके आपल्या भागात घरोघर नाहीत, त्यामुळे हा उपाय येथे लगेच लागू करता येईल असे म्हणणे धाडसाचे ठरेल. जेथे बदके पाळली जातात तेथे मात्र त्यांना पाणवठ्याच्या काठी मोकळे सोडावे. ती गोगलगाई खातातही.

ग्रामसेवकाला व कृषि सहायकाला आपल्या गावचा पाणवठा कसा आहे हे फारशा साधनांवाचून पाहता येते. पावसाळ्याच्या अखेरीस रबरी हातमोजे व गमबूट घालून काठच्या दहा-वीस गोगलगाई जाळीने गोळा कराव्या. प्रत्येक गोगलगाय स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या काचेच्या पेल्यात ठेवून पेला काही तास उजेडात राहू द्यावा. लागण झालेली गोगलगाय असल्यास पाण्यात शेपटी वळवळविणारे बारीक पांढरे कण दिसू लागतात. साधे भिंग व पेल्यामागे काळा कागद असला की पुरे. एखादा कण पेल्याच्या काचेला चिकटून शेपूट टाकताना दिसेल, तोच मेटासर्केरिया. हे कण कोणत्या जातीचे ते भिंगाने ठरणार नाही. त्यासाठी गोगलगाई ओल्या शेवाळात गुंडाळून पशुवैद्यकाकडे न्याव्या. पेल्यातील पाणी गटारात न ओतता उकळून टाकावे, आणि पेले उकळत्या पाण्याने धुवावे. शेणाचे नमुने पाठविताना ते दोनदा पाठवावे, एकदा मेच्या अखेरीस व एकदा फेब्रुवारीत, आणि सोबतच्या चिठ्ठीत जनावर कोणत्या पाण्यावर जाते व कोणत्या महिन्यापासून खंगले हे अवश्य लिहावे. यकृतकृमीची अंडी जड असतात, ती पाण्यात तळाशी बसतात. म्हणून नमुना ‘पर्णकृमीसाठी’ असे स्पष्ट लिहिल्यास प्रयोगशाळेत गाळ बसवून तपासणी केली जाते.